धारेचं काही

वस्तरा सापडेना म्हटल्यावर बन्सीधर वारकानं आपली पेटी सतरंजीवर पालथी केली. कंगवा, तुरटीचा खडा, साबणाची वाटी, जुनं फडकं, सगळं घरंगळत बाहेर आलं. वस्तरा तेवढा नव्हता.

“आत्ता तर हितं ठिवला होता,” तो म्हणाला. “डेटॉलनं पुसून, हळदीकुंकवाच्या ताटात. पाणी घ्यायला वळलो तेवढंच.”

मांडवातली माणसं सतरंज्या उचलून बघायला लागली. पाटावर मांडी घालून भक्तीचा थोरला भाऊ रामप्रसाद बसला होता. भाचीच्या जावळाला मामा पाहिजे म्हणून तो सकाळच्या गाडीनं वालूरहून आला होता. त्याच्या मांडीवरची माऊ, भक्ती आणि आदिनाथची लेक, तेवढी निवांत होती. बारशाला तिचं नाव ज्ञानेश्वरी ठेवलं होतं, पण घरात सगळे माऊच म्हणत. कपाळावर आलेल्या कुरळ्या बटा आणि नवं झबलं, अशी ती मामाच्या शर्टाचं बटण चोखत बसली होती.

ऊन चांगलंच चढलं होतं. अंगणाच्या एका अंगाला शिजवलेली हळद वाळत घातली होती आणि तिचा पिवळा उजेड मांडवातल्या माणसांच्या तोंडावर पडला होता. आदिनाथला सगळे चेहरे एकदम आजारी दिसायला लागले.

“या घरात धारेचं काहीच टिकना गेलं,” गोजर आत्या म्हणाली.

ती हळू आवाजात म्हणाली, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. आदिनाथच्या वडलांची, म्हणजे आश्रुबांची ही थोरली बहीण. आश्रुबा वारल्यापासून या घरात मोठं माणूस म्हणून तीच उरली होती. पोराटोरांची आजारपणं, सोयरिकी, देवदेव, सगळ्यात तिचा शब्द चाले.

“आधी विळी गेली,” आत्या म्हणाली. “मंग उसाचे कोयते गेले. कैची गेली. काल पुरणाच्या सैपाकाला चतुरानं शेजारनं विळी मागून आणली, तर आज ती बी न्हाई. आता वस्तरा. माणूस चोरत आसंल तर त्यो विळी कशाला चोरंल? कोण घेतंय विकत?”

आदिनाथची आई चतुराबाई चुलीपासून उठून आली होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि आदिनाथकडं पाहिलं. “भक्ती कुठं हाय रे?”

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. ताट मांडलं तेव्हा ती होती. माऊला तिनं भावाच्या मांडीवर द्यायला पाहिजे होतं, पण तसं न करता ती सासूला म्हणाली होती, आई, तुमीच द्या. आणि मग ती दिसली नव्हती.

“आत आसंल,” तो म्हणाला, आणि मांडवाच्या मागून निघाला.

आत ती नव्हती. न्हाणीतही नव्हती. गोठ्यात बैल डोळे मिटून रवंथ करत होते. गोठ्यापलीकडून जुन्या विहिरीकडं पायवाट जाते. घरामागं बोअर पाडल्यापासून त्या वाटेनं कुणी जाईना. आणि भर दुपारी तर नाहीच नाही. आदिनाथ लहान असताना कुणी त्या बाजूला वळलं की आत्या ओरडायची, बारा वाजलेत, तिकडं जाऊ नगा. का, ते ती कधी सांगत नसे.

भक्ती विहिरीच्या काठावर उभी होती. जरीच्या हिरव्या साडीत, केसांत गजरा, आणि दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. वारा नव्हता. बाभळीवर एक होला घुमत होता, तोही याची चाहूल लागताच थांबला.

“जवळ येऊ नगा,” ती म्हणाली. तिनं मागं वळून पाहिलं नव्हतं.

“भक्ती, वस्तरा तुझ्यापाशी हाय का?”

“आहो, तितंच थांबा. माझ्या हातात धार हाय.”

तो थांबला. तोही काठाशीच आला होता, तिथून त्याला विहिरीचा तळ दिसत होता. फाल्गुनात पाणी पार खाली गेलं होतं. हिरवट पाण्याखाली, गाळात अर्धवट रुतून, सगळं पडलेलं होतं. विळीचं पातं. कोयते. कैची तोंड उघडून पडली होती. वरून ऊन सरळ आत उतरत होतं आणि पाण्याखाली त्या सगळ्या धारा एकाच वेळी चमकत होत्या, जणू विहिरीनं डोळे उघडले होते.

आदिनाथनं पाण्याकडं बोट दाखवलं.

“हे तू केलंस?”

“घरात ठिवायला भीती वाटती,” भक्ती म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता, दिवसभर रानात राबून आल्यासारखा. “विळी दिसली की माऊ दिसती. काय दिसतं ते मी सांगू शकत न्हाई. मी ते करायलेय असं दिसतं. डोळे झाकले तरी दिसतं. मी राक्षीण हाय का हो?”

“कुणी बोलतंय का तुझ्या कानात? आवाज येतो का?”

“कुणी न्हाई. माझंच मन हाय. त्याचंच तर भ्या वाटतंय.” ती आता वळली. “आहो, मी माऊला काही केलं तर न्हाई ना?”

हा प्रश्न. बाळंतपणाहून आल्यापासून हा प्रश्न आदिनाथ ऐकत आला होता. पूर्णेला रेल्वेच्या सिग्नल खात्यात तो ड्युटीवर असला की फोनवर, घरी असला की भाकरी वाढताना. मी माऊला काही केलं तर न्हाई ना? तिला आंघोळ मी घातली न्हाई ना? ती श्वास घ्यायलीय ना, बघता का? तो दर वेळी उठून बघत असे आणि सांगत असे. त्याला वाटत होतं, नवी आई आहे, घाबरती. चार दिवसांनी जाईल.

“तू काहीच केलं न्हाईस,” तो नेहमीसारखं म्हणाला. “माऊ मामाच्या मांडीवर खेळायलीय.”

तिचे खांदे खाली आले. मोकळा श्वास घेतला तिनं. आणि तो श्वास पुरता सोडायच्या आत तिच्या डोळ्यांत तीच भीती पुन्हा भरली.

“पण तुमी निघाल्यावर? मी येताना पाळण्यापाशी गेले होते का? मला आठवंना.”

तो पुढं झाला. तिच्या हातातून त्यानं पदरासकट वस्तरा घेतला, मिटलेला, आणि तिचा दंड धरून तिला काठावरून मागं ओढलं. त्याच वेळी मागून किंकाळी आली.

“काशी! ए काशी! मागं सर!”

गोजर आत्या पायवाटेवर उभी होती. डोक्यावरचा पदर पडलेला, हात पुढं पसरलेले. ती भक्तीकडंच बघत होती आणि दुसऱ्याच बाईचं नाव घेत होती.

*

बन्सीधरला जेवायला वाढून, दक्षिणा देऊन वाटेला लावलं. भावकीतले लोक पुरणपोळी खाऊन, तोंडावर काही न दाखवता निघून गेले. एक आबासाहेब काका तेवढे राहिले. आश्रुबांचे ते चुलत भाऊ. जमिनीच्या वाटणीवरून दोन्ही घरांत बोलणं बंद झालं होतं. आश्रुबांच्या तेराव्यालाही ते आले नव्हते. या जावळाला चतुराबाई स्वतः जाऊन त्यांना सांगून आली, म्हणून आले होते. आता ते जीप बाहेर उभी करून अंगणातच बाजेवर बसले होते. आत यावं का जावं, त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं.

पुढच्या खोलीत भक्ती भिंतीला टेकून बसली. माऊ चतुराबाईकडं होती. भक्ती तिच्याकडं बघायची आणि झटकन नजर काढून घ्यायची.

“मी बहिणीला घेऊन चाललो,” रामप्रसाद म्हणाला. “दाजी, राग धरू नगा. आमच्या घरून गेली तवा हसती-खेळती होती. हितं तिला काय झालं, काय केलं, मला ठाव न्हाई.”

“काय केलं म्हंजे?” चतुराबाई कडाडली. “रामप्रसाद, तोंड सांभाळून बोला. बाळंतिणीला मी पाणी उचलू दिलं न्हाई.”

“मंग ती विहिरीवर का गेली?”

“तिला नेलं कुणीतरी,” आत्या म्हणाली. ती अजून धापा टाकत होती. “भांडू नगा. हे बाहेरचं हाय. आमुशा जवळ आली. पूर्णेच्या पलीकडं एक माणूस बघतो, तो झाडाला बांधून उतरवतो. पोरगी हितंच राहू द्या, आईच्या वाऱ्याला उभी करू नगा. आन् हिला घेऊन चला.”

“बांधून?” आदिनाथ म्हणाला.

“बांधावंच लागतं. ती बाई लय जोर करती.”

“कोणती बाई, आत्या? विहिरीवर तुमी भक्तीला काशी म्हणलात. काशी कोण?”

आत्यानं तोंड फिरवलं. चतुराबाई माऊला थोपटत होती, तिचा हात थांबला.

“वन्स, मी या घरात नांदून म्हातारी झाले,” ती म्हणाली. “विहिरीकडं जाऊ नगा, एवढंच ऐकत आले. आज माझी सून त्या काठावर उभी होती. आता तरी सांगा.”

आत्यानं पडलेला पदर डोक्यावर ओढून घेतला. बोलली तेव्हा तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला होता.

“काशी आमची चुलती. मी परकरात होते. तिला पोरगं झालं आन् ती त्याला हात लावंना. दूध पाजताना डोळे मिटायची. विळ्या, खुरपी, कुऱ्हाड, सगळं कणगीत लपवायची. माझ्या आईला म्हणायची, जाऊबाई, माझे हात बांधून ठिवा, माझ्या मनात लय वाईट येतं.”

भक्तीनं मान वर केली. आत आल्यापासून पहिल्यांदा तिनं कुणाकडं सरळ पाहिलं.

“मंग?” ती म्हणाली.

“मंग काय. हात बांधले. मिरच्यांची धुरी दिली. लिंबाच्या फोकानं झोडपलं. पाठ अशी काळीनिळी... मी हळद लावायची तिच्या पाठीला. ती रडायची न्हाई. मला विचारायची, गोजरे, मी पोराला काही केलं तर न्हाई ना?”

आदिनाथला हा प्रश्न पाठ होता. अक्षर न् अक्षर तेच. त्यानं भक्तीकडं पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती.

“आन् एका दुपारी सोडली तिला भाकर खायला,” आत्या म्हणाली, “तर गेली ती विहिरीत. तवापासून ती तिथंच हाय. आता हिला धरलंय तिनं.”

बाहेर हळदीवर चिमण्यांचा कालवा चालला होता, तोही फार लांबून आल्यासारखा वाटत होता.

“वन्स,” चतुराबाई म्हणाली. “तिनं त्या पोराला काय केलं?”

“काय म्हंजे?”

“लेकराला. मारलं? खरचटवलं?”

आत्या बघत राहिली. हा प्रश्न इतक्या वर्षांत तिला कुणी विचारला नव्हता आणि तिनंही स्वतःला विचारला नव्हता, हे तिच्या तोंडावर दिसलं.

“न्हाई,” ती म्हणाली. “कायबी न्हाई केलं. लेकराला नख बी लागलं न्हाई.”

“कुठं गेलं ते लेकरू?”

आत्याची नजर दाराकडं गेली आणि तिथंच थिजली. उंबऱ्यावर आबासाहेब काका उभे होते. टोपी हातात, मिशा पांढऱ्या, दार भरून टाकणारा गडी. ते किती वेळचे उभे होते कुणाला ठाऊक.

“माझी माय साप चावून गेली म्हणले होते मला,” ते म्हणाले.

आत्यानं पदराचा बोळा तोंडात घातला.

आबासाहेब आत आले. वाटणीनंतर त्यांचं पाऊल या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदाच पडत होतं. ते खाली बसले, भक्तीसमोर, जरा अंतर ठेवून.

“पोरी,” ते म्हणाले, “तुझ्या मनात येतं ते तिच्या बी मनात यायचं म्हणतात. मी तर तुझ्यापुढं बसलोय.” त्यांनी टोपी डोक्यावर घातली, परत काढली. “हिला कुणी बांधायचं न्हाई. झाडाला न्हाई आन् घरात बी न्हाई. बास.”

“परभणीला मनाच्या डॉक्टर हायत,” आदिनाथ म्हणाला. “माधवी मॅडम. आमच्या रेल्वेच्या दवाखान्यात मी भक्तीचं बोललो होतो, तवा तिथल्या डॉक्टरांनी त्यांचं नाव दिलं होतं.”

“मनाचा डॉक्टर म्हंजे येड्याचा,” आत्या पुटपुटली.

“आसू द्या येड्याचा,” रामप्रसाद म्हणाला. तो मघाशी भांडायला उठलेला माणूस राहिला नव्हता. त्यानं बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. “मी बी येतो. काका, तुमची जीप...”

“चला,” आबासाहेब म्हणाले.

*

डॉक्टर माधवींनी आधी भक्तीशी एकटीशी बोलून घेतलं. आदिनाथ बाहेर बाकड्यावर बसला होता. शेजारी रामप्रसाद सारखा पाय हलवत होता. दारामागून भक्तीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मध्येच ती हुंदके देऊन रडली, आणि आदिनाथला वाटलं, आता पोलिसांना बोलावतील आणि माऊला घेऊन जातील.

मग त्याला आत बोलावलं.

“याला ओसीडी म्हणतात,” डॉक्टर म्हणाल्या. साठीकडं झुकलेल्या, सुती साडीतल्या, घाई नसलेल्या बाई. “जुनी माणसं मंत्रचळ म्हणायची. कुणी सारखे हात धुतं, कुणी कुलूप ओढून बघत राहतं. काही बायकांना बाळंतपणानंतर असे विचार येतात. आपल्याला सगळ्यात प्रिय जे, त्यालाच आपण इजा करू, असा विचार. तो नको असतो म्हणूनच तो चिकटतो.”

“मॅडम, पण ती करंल का खरंच?” रामप्रसादनं दारातून विचारलं.

“ज्याला लेकराला मारायचं असतं, तो विळ्या विहिरीत नेऊन टाकत नाही. मी तिला नीट तपासलंय. तिला भास होत नाहीत, तिचं भान सुटलेलं नाही. बाळाला तिच्यापासून तोडायची गरज नाही. मला काळजी तिची स्वतःची आहे.” त्या भक्तीकडं वळल्या. “सांगू का यांना?”

भक्तीनं मान हलवली आणि स्वतःच सांगितलं. “विहिरीवर मला वाटलं, मीच गेले तर माऊ वाचंल.”

आदिनाथनं तिचा हात धरला. तिनं तो धरू दिला.

“म्हणून सध्या तिला एकटीला ठेवायचं नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “पुन्हा असं वाटलं तर कुठल्याही वेळी मला फोन करायचा. गोळी देते, अंगावर पाजणाऱ्या बाईला चालणारी. लगेच फरक पडणार नाही, काही आठवडे जातील. पण गोळीइतकंच दुसरं काम आहे आणि ते तुमचं आहे, आदिनाथ. तुम्ही तिला उत्तर देणं बंद करायचं.”

“कशाचं?”

“मी काही केलं तर नाही ना, याचं.”

“मॅडम, उत्तर दिलं की तिला बरं वाटतं.”

“किती वेळ?”

त्याला विहिरीवरचा तो श्वास आठवला.

“तुमचं उत्तर हे त्या आजाराचं खाणं आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही मायेनं भरवता आणि तो पोसला जातो. आता म्हणायचं, हा प्रश्न आजाराचा आहे, मी उत्तर देणार नाही, पण मी तुझ्याजवळ बसतो. ती रडेल, चिडेल, तुम्हाला दुष्ट म्हणेल. तुम्ही बसून राहायचं. भीती चढते तशी उतरते. ती आपली आपण उतरते, हे तिच्या मनाला एकदा कळू द्या. आणि विळी घरात परत येऊ द्या. हळूहळू, ती तयार होईल तसं. दर आठवड्याला इथं या, एकेक पायरी आपण इथं ठरवू.”

परत येताना जीप आबासाहेब चालवत होते. पिंगळीच्या पुढं ऊन उतरलं. भक्ती खिडकीतून बाहेर बघत होती. एकदम तिनं विचारलं, “काका, तुमाला तिचं तोंड आठवतं का?”

आबासाहेबांनी मान हलवली. “फोटो बी न्हाई,” ते म्हणाले.

*

दिवेलागणीला तो प्रश्न आला.

आई देवापुढं दिवा लावत होती. माऊ पाळण्यात झोपली होती. भक्ती दारात उभी राहून पाळण्याकडं बघत होती. आदिनाथला तिची पाठ ताठ होताना दिसली, आणि कुणीतरी अदृश्य माणूस खोलीत येऊन उभं राहावं तसं त्याला वाटलं.

“आहो. ती लय गप झोपलीय. मी काही केलं तर न्हाई ना?”

त्याचे ओठ सवयीनं उघडले. त्यानं ते मिटले.

“हा प्रश्न आजाराचा हाय, भक्ती,” तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. “मी उत्तर देणार न्हाई. ये, माझ्याजवळ बस.”

“फक्त हो का न्हाई सांगा. एकदाच. आजचा दिवस.”

“बस माझ्याजवळ.”

“म्हंजे मी केलंय!” ती ओरडली. “केलंय म्हणून तुमी बोलायला तयार न्हाई! तुमाला ठाव हाय आन् तुमी लपवायलेत!”

तिनं त्याचा सदरा धरला. तिचे हात थंडगार होते. कपाळावर घाम फुटला होता, डोळे त्याच्या तोंडावर असे फिरत होते की जणू तिथं कुठं तरी उत्तर लिहिलेलं आहे. आदिनाथलाही आता पाळणा फार शांत वाटायला लागला. कापड हलतंय का? पोरीचा श्वास दिसतोय का? त्याला उठून बघावंसं वाटलं. सिग्नलच्या खांबावर चढलेल्या माणसासारखा तो आपल्याच जागेला घट्ट धरून बसला.

“अगं न्हाई ग लेकी, कायबी...” आतून गोजर आत्या बोलायला लागली. जावळाला आलेली ती इथंच राहिली होती. घरी जायचं नावच घेत नव्हती. चतुराबाईनं हातातली वात तशीच टाकून नणंदेच्या तोंडावर हात ठेवला.

“वन्स, गप,” ती कुजबुजली. “तिला चढून उतरू द्या.”

दोघी म्हाताऱ्या एकमेकींना धरून अंधाऱ्या दारात उभ्या राहिल्या. भक्ती रडत होती. मग तिचं रडणं बारीक झालं, दात वाजायचे थांबले. सदऱ्यावरची मूठ सैल पडली. कुणीच उत्तर दिलं नव्हतं. आदिनाथच्या खांद्याला टेकून ती नुसती बसली होती आणि खोलीत आलेलं ते जे काही होतं, ते कंटाळून दाराबाहेर गेल्यासारखं झालं.

“उतरलं,” ती आश्चर्यानं म्हणाली. “आपोआप.”

पाळण्यात माऊ कुशीवर वळली. बघायला कुणी उठलं नाही.

पुढचे आठवडे सरळ गेले नाहीत. गोळ्यांनी आधी मळमळलं, मग झोप आली. एका बुधवारी ती डॉक्टरांकडं जायलाच तयार होईना आणि रामप्रसादनं वालूरहून येऊन तिला गाडीत बसवलं. आबासाहेबांनी विहिरीतून लोखंड उपसून काढलं आणि काठावर जाळी बसवून घेतली. ते काम चालू असताना आत्या तिथंच बसून होती. शेवटी तिनं जाळीवर हळदकुंकू वाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, काशी, तुझं लेकरू बघ केवढं झालं. आबासाहेब तोंड फिरवून जीपकडं गेले. त्यानंतर दोन्ही घरांत येणंजाणं सुरू झालं, कुणी तसं ठरवलं नसताना.

विळी आधी परसात राहिली, मग चुलीपाशी आली. एक दिवस भक्तीनं शेपूची भाजी चिरली, माऊ हातभर अंतरावर रांगत असताना. चिरून झाल्यावर ती परसात जाऊन ओकली. दुसऱ्या दिवशी तिनं परत चिरली.

राहिलं होतं ते शेवटचं, माऊला एकटीनं आंघोळ घालायचं. डॉक्टरांनी आता तिला एकटं राहायची मोकळीक दिली होती, पण या पायरीची घाई करू नका म्हणून सांगितलं होतं.

आषाढात एका दुपारी आदिनाथ ड्युटीवरून लवकर आला. आई आणि आत्या आबासाहेबांकडं गेल्या होत्या, तो येताना तिथल्या ओट्यावरूनच आईनं ओरडून त्याला तसं सांगितलं होतं. घरात सामसूम होती. पाळणा रिकामा. न्हाणीचं दार आतून लावलेलं, दाराखालून पाण्याचा ओघळ बाहेर येत होता.

आत तांब्या पाण्यात बुडाल्याचा आवाज झाला. मग पाणी ओतल्याचा. मग काहीच नाही.

आदिनाथ दाराशी उभा राहिला. माऊ आंघोळीला रडते. सगळ्या घराला ऐकू जाईल अशी रडते. आता ती रडत नव्हती. ओघळ त्याच्या पायापर्यंत आला, कोमट. त्याच्या डोळ्यांपुढं एकाएकी काही तरी आलं, इतकं स्पष्ट आणि इतकं भयंकर, की त्यानं दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली. ते त्यानं बोलावलं नव्हतं. ते आलं आणि त्याच्या आत उभं राहिलं. दार ढकलावं. हाक मारावी. भक्ती, माऊ बरी हाय ना? एवढंच विचारावं. एकदाच.

त्यानं विचारलं नाही. तो उभा राहिला.

कडी निघाली. वाफेतून भक्ती बाहेर आली, पदर खोचलेला, कोपरापर्यंत साबण. तिच्या हातावर माऊ ओलीचिंब, गुलाबी, तोंडात मूठ कोंबून चोखत असलेली.

भक्तीनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. चौकटीवरच्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडं पाहिलं. तिला कळायला काही वेळ लागला नाही.

“तुमच्याबी मनात आलं ना आत्ता?” ती म्हणाली.

त्यानं चौकटीवरचे हात काढले.

“माझ्याबी. सगळा वेळ समोरच बसलं होतं.” तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. “ऱ्हाऊ द्या. टावेल घ्या, पोरगी गारठायलीय.”